बर्फावर टाकलेलं मीठ

मी गावाहून मुंबईला निघाले की आई माझ्या पिशवीत खडेमिठाची पुडी टाकतेच. आमचं गाव खारेपाटातलं, रेवसच्या जेट्टीपासून टमटमने थोडं आत. वडील होते तोवर मिठागरात आमचा वाटा होता. ते गेले, वाटा दुसऱ्यांकडे गेला, पण दर हंगामात तिथून आईला पोतंभर मीठ अजून येतं. मुंबईत दुकानात मीठ मिळतं हे तिला ठाऊक आहे. त्याला मीठ म्हणायचं हे तिला पटत नाही. माझ्या ओट्याखाली या पुड्यांची रांग लागली आहे. खडे कुटत कोण बसणार, म्हणून मी गुपचूप दुकानातलंच वापरते आणि तिने फोनवर विचारलं की "संपत आलंय" म्हणून सांगते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या पुडीचा हात आहे. पुडीला दोष देणं सोयीचं होतं, आणि मी आधी तेच केलं.

मी कॅन्सरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. रक्तात या आजाराची काही खूण सापडते का, ते आम्ही शोधतो. आपल्या पेशीच्या मधोमध केंद्रक असतं आणि त्यात डीएनएचा लांबच लांब दोरा गुंडाळून ठेवलेला असतो. हा दोरा आणि त्याला धरून बसलेली प्रथिनं मिळून जे बनतं त्याला क्रोमॅटिन म्हणतात. त्यातलं एक प्रथिन माझ्या वाट्याला आलंय. एरवी ते दोऱ्याला चिकटून आपलं काम करत असतं, बाहेर कुठे जात नाही. पेशी फुटली की मात्र ते रक्तात येतं. कॅन्सरच्या गाठीत पेशी भराभर वाढतात आणि भराभर मरतातही, म्हणून रोग्याच्या रक्तात ते जास्त सापडावं, असा आमचा तर्क. पण पेशी काय फक्त कॅन्सरमध्येच फुटतात? मार लागला, सूज आली, ताप आला तरी फुटतात. म्हणून कुठेही या कामावर बोलायला उभी राहिले की शेवटी मी एक वाक्य ठासून म्हणते. ही अजून नुसती खूण आहे, निदान नाही, आणि एवढ्यावरून कुणालाही आजारी ठरवू नये. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. माझ्या स्वतःच्या डोक्यात ते कधी शिरलं नव्हतं, हे नंतर कळलं.

अशा कामाला रोग्यांचं रक्त लागतं तसं तुलनेसाठी धडधाकट माणसांचंही लागतं. आमच्याकडे स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांचं रक्त होतं, पण त्यांच्याच वयाच्या निरोगी बायका मिळत नव्हत्या. आमचे सर मीटिंगमध्ये हे बोलले आणि माझा हात लगेच वर गेला. म्हटलं, माझ्या गावात हव्या तेवढ्या मिळतील. परवानग्या आणि कागदपत्रं होईपर्यंत मी प्रयोगशाळेत ताठ मानेने फिरत होते. गावची शिकलेली पोर गावाकडून काहीतरी मोलाचं घेऊन येणार, याचं मला फार कौतुक होतं. त्या बायकांना त्यातून काय मिळणार, असा विचार मनात आलाच नाही असं नाही, पण तो आला आणि गेला.

समाजमंदिरात सतरंजी टाकली. उपकेंद्राच्या सिस्टर रक्त काढायला आल्या. मी प्रत्येकीला समजावून सांगितलं की हे फक्त अभ्यासासाठी आहे, याचा रिपोर्ट कुणालाही मिळणार नाही. बायकांनी माना डोलावल्या आणि अंगठा उठवता उठवता विचारलं, "मंग रिपोट कधी मिलंल?" आमच्या शेजारची म्हातारी, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणते, ती दंड पुढे करत म्हणाली, "आमचं रगत घेऊन काय करशील गो? त्याच्यात बी मीठच निघंल." सगळ्या हसल्या. मीही हसले.

आई सगळ्यात शेवटी बसली. तिची शीर काही केल्या सिस्टरना सापडेना. दोन्ही हात टोचून झाल्यावर कशीबशी अर्धी नळी भरली. नळ्यांवर नावं नसतात, नंबर असतात, आणि कुठला नंबर कुणाचा हे माझ्यासारखीने लक्षात ठेवायचं नसतं. पण शेवटचा नंबर आणि अर्धीच नळी, ती कशी विसरणार?

नळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून प्रयोगशाळेच्या पेटीत ठेवल्या. पेटीत गारव्यासाठी जेलच्या पिशव्या होत्या. रक्त गार राहायला हवं, पण त्याचा बर्फ होता कामा नये, एवढीच काळजी घ्यायची होती. आई सोडायला जेट्टीवर आली. ओहोटी लागलेली. गाळामुळे लाँच जेट्टीला लागेना, आणि तिकीटखिडकीवरचा माणूस "पाणी भरलं की येईल" यापलीकडे काही सांगेना. ऊन चढत गेलं. जेलच्या पिशव्या हाताला कोमट लागायला लागल्या तसा माझा धीर सुटला. पेटी आणि माझी पिशवी आईजवळ ठेवून, मांडव्याच्या जेट्टीवरून दुसरी बोट मिळतेय का ते विचारायला मी टमटमवाल्यांकडे गेले. तिकडूनही हात हलवत परत आले तर आई पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसलेली.

"कोलणीकडनं बरफ घेतला," ती म्हणाली. "चांगला दाबून भरलाय. आता काय होत न्हाय."

मला इतकं हायसं वाटलं की मी झाकण उघडूनही पाहिलं नाही. घामाघूम झालेल्या आईचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. लाँच आली, मी चढले, आणि भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. या खेपेला माझ्या पिशवीत मिठाची पुडी नव्हती, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

प्रयोगशाळेत पेटी उघडली तर नळ्या बोटांना चिकटाव्यात इतक्या गार. मी खूश झाले. मग त्या यंत्रात घालून गरगर फिरवल्या. तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं. आम्हाला हवं असतं ते हे पाणी. काही नळ्यांतलं पाणी कोकमाच्या आगळासारखं लालभडक होतं, त्या मी टाकून दिल्या. बाकीच्यांतलं जरासं गुलाबी होतं. गुलाबी म्हणजे पेशी फुटल्यात, नमुना फेकून द्या, असं सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. पण ज्यांनी सुईकडे न बघता, पदर तोंडात धरून हात पुढे केला होता, त्यांचं रक्त फेकायला माझा हात होईना. मी स्वतःशी म्हटलं, टमटमचे हादरे बसलेत, एवढं चालतं. चालत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

पहिल्या प्लेटवर मी रोग्यांचे नमुने लावले आणि गावातला एकच, आईचा. का लावला? उगाच, गंमत म्हणून. या प्लेटला छोट्या छोट्या वाट्या असतात, आणि ज्या वाटीत ते प्रथिन जास्त, तिचा पिवळा रंग जास्त गडद होतो. आईची वाटी सगळ्यात गडद झाली. ज्यांच्यावर उपचार चालू होते त्या बायकांपेक्षाही गडद. मी आकडे पुन्हा काढले, ते तेच आले. मग मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि रडले.

भाषणाच्या शेवटी म्हणायचं ते वाक्य कुठे गेलं होतं? मला एकदाही आठवलं नाही. दुसऱ्या कुणाची नळी असती तर नक्की आठवलं असतं. मी आईला फोन केला आणि अगदी सहज आवाजात म्हटलं, मुंबईला ये, तुझी सगळी तपासणी एकदा करून घेऊ, या वयात सगळेच करतात. ती म्हणाली, "येतंय."

आली ती घर आवरून. कोंबड्या मावशीकडे दिल्या होत्या, भाताची कणगी लिंपून घेतली होती. घरात पाय ठेवल्यावर पाणीसुद्धा न पिता तिने पदराची गाठ सोडली आणि तिच्या आईची बुगडी माझ्या हातावर ठेवली.

"तुझ्याकडं असूंदे."

"अगं, कशाला?"

"असूंदे. आन मना काय झालंय ते सांगू नको. फकस्त येळ किती हाय ते सांग."

काही झालेलं नाही, असं मी म्हटलं. माझ्या तोंडून ते खोटं वाटलं असणार, कारण ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनेच विषय बदलून मला जेवलीस का म्हणून विचारलं. मला भीती जास्त वाटत होती की खोटं बोलल्याची लाज, तेही त्या वेळी उमजत नव्हतं.

तपासण्या सुरू झाल्या. माझी आई परकर बदलतानासुद्धा दाराला पाठ लावून उभी राहणारी बाई. तिला कमरेपर्यंत उघडं होऊन यंत्रापुढे उभं राहायला सांगितलं. मी सोबत आत गेले तर म्हणाली, "तू भायर जा. तू बघू नको." मी बाहेर बाकावर बसले. ती आली तेव्हा ब्लाउजचे हूक वर-खाली लागलेले होते. भिंतीकडे वळवून मी ते सोडले आणि नीट लावून दिले. ती मान खाली घालून उभी होती. तिला त्या खोलीत मी पाठवलं होतं, एका पिवळ्या वाटीच्या भरवशावर.

सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या आईची तब्येत तुमच्यापेक्षा बरी आहे. आई हसली नाही, पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "मंग ती बुगडी दे परत."

मी सुटले असं वाटलं. पण मग त्या वाटीचं काय? दुसऱ्या दिवशी मी गावचे उरलेले सगळे नमुने लावले. एकूण एक वाटी गडद पिवळी. मावशीची कुठली, सरपंचबाईंची कुठली, मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही नव्हती, कारण सगळ्याच रोगी दिसत होत्या. सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्या अख्ख्या गावाला कॅन्सर आहे की काय?" प्रयोगशाळेतली मुलं हसली. मग ते गंभीरपणे म्हणाले, "नमुने आले कसे ते आधी नीट शोधून काढा."

त्या संध्याकाळी आई माझ्या ओट्याशी उभी राहून बोंबील साफ करत होती. मी विचारलं, "आई, जेट्टीवर पेटीत काय काय टाकलं होतंस?"

"बरफ. आन वरनं मीठ." मान वर न करता ती पुढे म्हणाली, "तुझ्या पिशवीतली पुडी फोडली. नुसत्या बरफाला काय दम असतो? मीठ टाकलं की कसा कडक गार होतो. पापलेटं दिवसभर हलत न्हायत." तिच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. पोरीचा माल वाचवला होता तिने.

मीठ टाकलं की बर्फ आणखी गार होतो, इतका की नळीतल्या रक्ताचाही कडेकडेने बर्फ होतो. बर्फ झाला की पेशी फुटतात, तांबड्या तशा केंद्रक असलेल्या पांढऱ्याही. पेशी फुटल्या की दोऱ्याला चिकटून बसलेलं माझं ते प्रथिन बाहेर येतं. आईची नळी अर्धीच भरलेली, म्हणून मी ठेवलेल्या नळ्यांत तीच जास्त गोठली असणार. इतकं सरळ होतं. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण दोन आठवड्यांची भीती माझ्या अंगात साचली होती आणि मी भडाभडा सगळंच बोलून गेले. वाटीचा रंग, मी का बोलावलं, ती यंत्रापुढे का उभी राहिली, गावचं सगळं रक्त कसं वाया गेलं.

तिने बोंबील खाली ठेवला. हात धुतले.

"म्हंजे आजार नव्हता," ती म्हणाली. "मीच होते."

मी म्हटलं, तसं नाही गं. पण ते तसंच होतं, आणि तिला ते माझ्याआधी नीट समजलं होतं. त्या रात्री ती जेवली नाही, पोट भरलंय म्हणाली. सकाळी उठून मी कामावर गेले.

सरांना सांगितलं. बर्फ, मीठ, गोठलेल्या नळ्या, फेकायला हवे होते ते गुलाबी नमुने, सगळं. सर चिडले नाहीत. उलट त्यांना गंमत वाटली. "मीठ कुणी घातलं?" त्यांनी विचारलं. खोलीत आणखी तिघं-चौघं होती, परदेशी शिकून आलेली, ज्यांच्या आया त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात. मी म्हटलं, "जेट्टीवरच्या एका बाईने."

एवढंच. कुणी पुढे विचारलं नाही. मीही पुढचं बोलू लागले, पुन्हा नमुने कसे आणायचे, दोन पेट्या नेऊ, भरतीची वेळ आधी बघू. पण माझे कान तापले होते ते दिवसभर तसेच राहिले.

संध्याकाळी दार उघडताच आईने विचारलं, "सायबांना काय सांगितलंस? माझं नाव घेतलंस?"

"नाही," मी म्हटलं.

तिने सुस्कारा सोडला. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तिला वाटलं मी तिची लाज राखली. मी माझी राखली होती. तेवढं एक वाक्य मला तिला सांगता आलं नाही. मी म्हटलं, चहा टाक.

पंधरवड्याने आम्ही दोघी पुन्हा गावात होतो. समाजमंदिरात तीच सतरंजी, त्याच सिस्टर. बायका आल्या, पण या वेळी चेहरे वेगळे होते. आई अचानक मुंबईला जाऊन मोठ्या दवाखान्यातून परत आली, हे गावात फिरलंच होतं. त्यात आता पुन्हा रक्त पाहिजे म्हणतात. कुणीतरी विचारलं, आमच्यात काय वाईट निघालंय का? मावशी तर दंडावरचा ब्लाउज खाली ओढून बसली होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, "काही वाईट निघालेलं नाही. आमचं मशीन बिघडलं होतं, म्हणून परत घ्यावं लागतंय."

"मशीन न्हाय बिघडली." आई मागे भिंतीला टेकून बसली होती, ती उठली. "बरफावर मीठ मी टाकलं. हिला न सांगता. त्यानं तुमचं रगत नासलं. आजार कोणाला न्हाय. माझ्या हातानं झालंय."

मग मावशी म्हणाली, "आता बरफावर मीठ न्हाय टाकायचं तर काय टाकायचं? मी बी टाकलं असतं." आणि तिने ब्लाउजची बाही वर सारून हात पुढे केला. तिच्यामागे बाकीच्या सरकल्या. बायका पुन्हा बोलायला लागल्या, एकमेकींना चिडवायला लागल्या. आईने सगळ्या गावापुढे जे सांगितलं ते मला एका खोलीत चार माणसांपुढे सांगता आलं नव्हतं. तेव्हाही मला उठून काही म्हणता आलं असतं. मी नळ्यांना नंबर लावत राहिले.

आई या वेळीही शेवटी बसली. या वेळी शीर पटकन सापडली आणि नळी पूर्ण भरली.

टमटम बाहेर येऊन उभी राहिली. मी नळ्या बांधल्या, पेटीत ठेवल्या, भोवती जेलच्या पिशव्या रचल्या. एका हाताने पिशव्या धरून झाकण लावता येईना. आई लांब दारापाशी उभी होती, दोन्ही हात पदराखाली. एरवी मी निघताना ती दहा वस्तू माझ्या पिशवीत कोंबते. आज ती पेटीच्या जवळ आलीच नव्हती, आणि पिशवीत काहीच टाकलं नव्हतं.

"आई, जरा झाकण लाव गं."

"तूच लाव."

"माझे हात अडकलेत. ये ना."

ती बाहेर नळावर गेली. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, पदराला कोरडे पुसले. मग माझ्यापुढे येऊन तिने शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून मला दाखवले.

"बघ," ती म्हणाली. "काय न्हाय हातात."